दुसरी टिक

क्षिप्रा सामंत चहा उभ्याने पिते. उलव्याच्या दुकानात तीन चांगल्या खुर्च्या आहेत, बसायला कोणी मनाई केलेली नाही, पण कप हातात आला की तिचे पाय चालायला लागतात. दारापर्यंत जायचं, समोरच्या इमारतीत कोण राहायला आलं ते बघायचं, परत येऊन कॉम्प्युटरवर काही पुढे सरकलंय का ते पाहायचं, तोवर चहा निवलेला. तिचे वडील नंदकुमार कोपरखैरण्याच्या घरी पेपर वाचता वाचता आल्यागेल्याला सांगतात, "ही जन्मालासुद्धा तीन आठवडे आधी आली. डॉक्टर गावाला गेले होते, त्यांचीही वाट बघितली नाही."

या घाईचं शाळेत कौतुक झालं, पहिल्या नोकरीत झालं, मग व्हायचं थांबलं. आठ वर्षांत सहा नोकऱ्या. अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीत ती सगळ्यांच्या आधी काम संपवायची आणि मग इतरांच्या खुर्चीमागे उभी राहून त्यांचं कधी संपतंय ते बघायची. असं माणूस मागे उभं राहिलेलं कोणाला आवडतं? सहावी नोकरी तिने सोडली की नोकरीने तिला, यावर घरात अजून एकमत नाही.

संध्या घरत तिला भेटली ती पनवेलच्या एका फ्लेक्स छापणाऱ्याच्या काउंटरवर. संध्या तिथे भांडत होती असं म्हणवत नाही, कारण तिचा आवाज चढलेला नव्हता. ती फक्त जागची हलत नव्हती. "हा हळदीचा पिवळा नाय," ती म्हणत होती. "हा टॅक्सीच्या टपाचा पिवळा हाय. परत काढा." छापणारा म्हणाला, मशीन असाच पिवळा देते. "मग मशीनला हळद दाखवा," असं म्हणून संध्याने पर्समधून खरोखरचं हळकुंड काढून काउंटरवर ठेवलं. मागे क्षिप्रा अर्धा तास खोळंबली होती आणि, नवल म्हणजे, तिला राग आलेला नव्हता.

संध्या जासईची लेक, उलव्याची सून. आई-काकूंच्या मागे लग्नघरं पालथी घालत, तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढत ती वाढली. पुढे क्लास लावून कॉम्प्युटर शिकली आणि घरच्या घरी गावच्या पत्रिका करायला लागली. क्षिप्राने तिला तिथल्या तिथे विचारलं, "आपण मिळून करायचं का काहीतरी?" संध्या म्हणाली, "आधी नाव तरी सांग तुझं." मग म्हणाली, सहा महिन्यांनी सांगते. आणि बरोबर सहा महिन्यांनी तिने फोन केला. मधल्या काळात क्षिप्राने गाळा बघून ठेवला, बोर्डाची सात डिझाइन्स केली आणि हाताची नखं खाल्ली.

दुकानाचं नाव 'दोघी'. लग्नपत्रिका, हळदीचे बॅनर, सोसायट्यांची कॅलेंडरं, दवाखान्यांचे बोर्ड, पंच्याहत्तरीचे अल्बम, जुने फोटो नवे करून देणं. उलव्यात दर महिन्याला एखादी नवी इमारत भरते आणि प्रत्येक इमारतीला आपल्या गणपतीचा बॅनर शेजारच्यापेक्षा मोठा हवा असतो, तेव्हा कामाला तोटा नव्हता. बाहेरून राहायला आलेल्यांशी क्षिप्रा बोलायची, गाववाल्यांशी संध्या. क्षिप्राची दिवसाला पाच डिझाइन्स व्हायची, संध्याचं दीड. त्यावरून कधी वाद झाला नाही, कारण क्षिप्राच्या पाचांतली तीन संध्या परत पाठवायची.

पहिल्याच वर्षी एका हळदीच्या बॅनरवर नवरीच्या मामाचा फोटो राहून गेला. एकूण तेहतीस फोटो होते. एखादा राहिला तर काय होतंय, असं क्षिप्राला वाटलं. मामा हळदीला आला नाही, आणि लग्नाला आला तो मांडवाकडे पाठ करून बसला. तेव्हा संध्याने नियम घातला. फोनवर सगळंच सुंदर दिसतं, म्हणून प्रत्येक कामाचं प्रूफ आधी कागदावर काढायचं. कागदाच्या कोपऱ्यात दोघींनी पेन्सिलीने टिक करायची. दोन टिक पडल्याशिवाय काम दुकानाबाहेर जाणार नाही, मग गिऱ्हाईक दारात बसून राहिलं तरी चालेल.

क्षिप्राची टिक बारकी, टोकदार, कागदाला भोक पाडेल अशी. संध्याची लांब शेपटीची, शेवटाला रांगोळीच्या रेघेसारखी किंचित वळलेली. हळूहळू गिऱ्हाइकांनाही तिची ओळख झाली. प्रूफचा फोटो पाठवला की गावातले लोक आधी कोपरा बघायचे. "संध्याची टिक हाय ना? मग छापा." खोटं कशाला बोला, क्षिप्राला हे जरा लागायचं. पण टिकायचं असेल तर याच दुकानात, हेही तिला कळलेलं होतं. संध्या नसेल तर आपण महिनाभरात सातव्या नोकरीच्या दारात उभ्या असू, हे ती मनाशी कबूल करायची आणि चटकन दुसरं काम हातात घ्यायची.

चार वर्षं अशी गेली. मग जासईच्या नामदेव ठाकुरांचं काम आलं.

नामदेवशेठच्या घरची शेतं केव्हाच गेली. आता त्या बाजूला कंटेनरचे ढीग लागतात आणि त्यांचे स्वतःचे ट्रेलर चालतात. गेल्या वर्षी त्यांची आई राजाबाई वारली. वर्षश्राद्धाच्या दिवशी नव्या घराच्या हॉलमध्ये आईचा माणसाएवढा फोटो लावायचा होता. अडचण एकच, राजाबाईंना फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही. नामदेवशेठच्या लग्नातला एक फोटो तेवढा सापडला, तोही ट्रंकेत तीस पावसाळे काढलेला. साडीवर डाग, मागच्या भिंतीवर डाग, चेहऱ्यावर डाग.

तो गुरुवार होता. कार्यक्रम रविवारी. संध्या चुलतबहिणीच्या हळदीसाठी जासईला गेलेली. क्षिप्राने फोटो स्कॅन केला आणि नवीन सॉफ्टवेअरला लावला, तसा तो तिच्या डोळ्यांदेखत उजळत गेला. ओलीचे डाग पुसले गेले, साडीचा हिरवा रंग वर आला, डोळ्यांत पाणी चमकायला लागलं. दुपारी तीनला प्रूफ कागदावर होतं. क्षिप्राने आपली टिक केली आणि संध्याला फोन लावला.

"हात हळदीचे हायत गं," संध्या म्हणाली. मागे ढोलकी वाजत होती. "उद्या सकाळी दुकानात येते, बघते."

"फोटो पाठवू?"

"फोनवर नको. उद्या. प्रेसवाला उद्या रात्रीपर्यंत घेतो, विचारलंय मी."

म्हणजे घाई कसलीच नव्हती. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढे क्षिप्राने स्वतःला जी जी कारणं दिली त्यांतलं एकही खरं नव्हतं. ती दारापर्यंत गेली, परत आली. विमानतळ सुरू झाल्यापासून डोक्यावरून विमानं जातात, तसलं एक विमान गेलं, ते दिसेनासं होईपर्यंत तिने बघितलं. प्रूफ उचललं, ठेवलं. काम झालेलं होतं आणि झालेलं काम टेबलावर पडून राहिलेलं तिला बघवत नव्हतं. पायात खडा गेल्यासारखं ते तिला दर मिनिटाला टोचत होतं. यात संध्या काय काढणार आहे? डाग होते, ते गेले. चारला तिने पेन्सिल घेतली आणि आपल्या टिकेशेजारी दुसरी टिक काढली. लांब शेपटीची, शेवटाला वळलेली. पहिल्याच फटक्यात हुबेहूब जमली. प्रूफचा फोटो नामदेवशेठला गेला, दोन मिनिटांत त्यांचा अंगठा आला, आणि फाइल प्रेसला गेली. शुक्रवारी संध्या आली तेव्हा क्षिप्राने सांगितलं, "शेठच मागे लागले, छापायला दिलं." संध्याने तिच्याकडे बघितलं. टिकेचं क्षिप्राने सांगितलं नाही.

रविवारी नामदेवशेठच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. दोघी एका बाजूला उभ्या. शेठनी फोटोवरचं कापड ओढलं. फोटो सुंदर झाला होता, पण तो बघून कोणाचे हात जोडले गेले नाहीत. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. राजाबाईंची धाकटी बहीण काशी, ऐंशीच्या पुढची, भिंतीला धरून उठली आणि फोटोच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"ही कोन?"

"मावशी, आय हाय," नामदेवशेठ म्हणाले.

"माझी बहीन हाय, मला तू नको सांगूस. हिच्या कपालावरचं गोंदन कुठं हाय?"

बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रेलर धडधडत गेला.

"ती गेली तेव्हा तुमी नथ काढली, पाटल्या काढल्या, मी काय बोलले नाय," काशीआजी म्हणाली. "सोनं हितंच ठेवायचं असतं. गोंदन संगं जातं. तेवढंच जातं. ते कोनी पुसलं?"

क्षिप्राला तेव्हा कळलं. राजाबाईंना तिने कधी पाहिलेलं नव्हतं. कपाळावरचे ते ठिपके तिला ओलीचे वाटले होते, साडीवरच्यासारखे, भिंतीवरच्यासारखे. मशीनने विचारलं, डाग काढू? तिने काढ म्हटलं.

नामदेवशेठ संध्यासमोर आले. रागावलेले कमी, दुखावलेले जास्त. त्यांनी फोन पुढे धरला. "संध्या, तू या गावची. लहानपनी माझ्या आयच्या मांडीवर बसलेली. तुला दिसलं नाय? तुझी टिक हाय यावर."

संध्याने फोन हातात घेतला. बराच वेळ ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. क्षिप्रा तिच्यापासून चार हातांवर उभी होती. आयुष्यभर जिची जीभ पायांच्याही पुढे धावली, तिला त्या वेळी एक शब्द फुटला नाही. लाज वाटली असं म्हणणं फार सौम्य होईल. ती घाबरली होती.

संध्याने फोन परत दिला. "हो काका," ती म्हणाली. "टिक माझी हाय. चुकलं. नवीन करून देतो."

मागे तिची आई उभी होती. ती लेकीशी न बोलता बाहेर गेली.

सोमवारी संध्या नेहमीच्या वेळेला दुकानात आली. मंगळवारीही आली. काम करत होती, फोन घेत होती, क्षिप्राशी बोलतही होती. शाई संपलीय, पंख्याचा आवाज येतोय, डबा खाल्लास का. फक्त एक गोष्ट ती करत नव्हती. समोर आलेलं प्रूफ ती वाचायची, चूक असेल तर सांगायची, आणि टिक न करता बाजूला ठेवायची. सोसायटीचं कॅलेंडर अडलं. एका डॉक्टरीणबाईंचा बोर्ड अडला. दुसऱ्या टिकेविना कागदांची थप्पी वाढत गेली आणि गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले.

क्षिप्राने तीनदा माफी मागितली. तिन्ही वेळा संध्या म्हणाली, "ऐकलं मी." आदळआपट झाली असती तर बरं झालं असतं, असं क्षिप्राला वाटायचं. भांडण तिला कळत होतं, ते लवकर संपतं. हे संपत नव्हतं. स्टेशनपर्यंतची रिक्षा सोडून ती खाडीच्या बाजूने चालायला लागली. घरी वडिलांनी विचारलं तर कपाट आवरायला घेतलं. अर्ध्या वाक्यात उठायची, फोन लावून कोणाला लावला ते विसरायची. आठव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"सोडून चाललीयेस का तू? काय ते एकदा सांगून टाक ना."

संध्या पत्रिकेवरची नावं गावाप्रमाणे लावत होती. "माहीत नाय अजून," ती म्हणाली. "कळलं की सांगीन. घाई नको करू."

नवव्या दिवशी सकाळी तिनेच विषय काढला. "राजाबाईच्या फोटोत गोंदन कुठलं आणि ओल कुठली, ते मलाही नीट ओळखता येत नाय. दोघी बहिणींनी एकाच दिवशी गोंदून घेतलेलं, असं आई सांगायची. काशीआजीचं बघून काढावं लागेल. चल."

"तू काढ ना. तुझा हात चांगला आहे."

"पुसलंस तू," संध्या म्हणाली.

काशीआजी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नामदेवशेठही आलेले. खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "संध्या, या टायमाला नीट बघ हां. परत तसं नको."

क्षिप्रा अजून उभीच होती. "काका, ती टिक संध्याची नव्हती," ती म्हणाली. "मी काढली तिच्यासारखी. तिने प्रूफ बघितलंसुद्धा नव्हतं. ती उद्या बघते म्हणाली होती, मी थांबले नाही."

नामदेवशेठ आळीपाळीने दोघींकडे बघत राहिले. मग संध्याला म्हणाले, "मग तू हो कशाला म्हनालीस सगल्यांसमोर?"

"दुकान दोघींचं हाय, काका," संध्या म्हणाली आणि शेंगांच्या सुपाशी जाऊन बसली.

काशीआजीने कपाळावरचा पदर मागे सरकवला. भुवयांच्या मधोमध तीन ठिपके, निळसर पडलेले, सुरकुत्यांत अर्धे बुडालेले. क्षिप्राने फोनवर चार फोटो काढले, वहीत ठिपक्यांची जागा मोजून घेतली. पाच मिनिटांत झालं. "येतो आजी," म्हणत तिने एक चप्पल पायात घातली.

संध्या उठली नाही. खाली मान घालून शेंगा सोलत राहिली.

क्षिप्रा एका चपलेवर उभी. दुकानात थप्पी पडलेली, संध्याकाळपर्यंत फोटो तयार होऊ शकत होता, उद्या प्रेसला. पाय रस्त्याकडे वळलेलेच होते. तिने चप्पल काढली आणि येऊन सुपाशी बसली. मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. एक सोलली, दुसरी सोलली. पहिली दहा मिनिटं तिला अंगावर मुंग्या चढल्यासारखं झालं. काशीआजी नातसुनेच्या बाळंतपणाचं सांगत होती, मग गुडघ्याचं, मग पूर्वीच्या मिठागरांचं. क्षिप्रा सोलत राहिली. पाऊण तास गेला असेल.

"राजी लई धीराची," काशीआजी मधेच म्हणाली. "गोंदनारीन आली तवा आमी एवढ्या एवढ्या होतो. पाच टिंबं काढायची होती. राजी पाचीच्या पाच घेऊन उठली, हलली नाय. मला तीन झाली आनि मी पलाले, पार खाडीपर्यंत. आय म्हनाली, ऱ्हायलेली दोन उद्या घे. ती बाई परत काय आलीच नाय."

क्षिप्राच्या हातातली शेंग तशीच राहिली. वहीत तीन ठिपके होते. एका चपलेच्या अंतराने राजाबाईच्या कपाळावर दुसऱ्यांदा चूक झाली असती.

"आजी, तिची ती दोन कुठे होती?" तिने विचारलं.

काशीआजीने पेन्सिल मागून घेतली. आधी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून जागा चाचपली, मग वहीत तीन ठिपक्यांच्या खाली, एकाखाली एक, दोन ठिपके दाबून काढले. जागेबद्दल तिला शंका नव्हती. संध्याने मान वर करून त्या रविवारनंतर पहिल्यांदा क्षिप्राकडे नीट बघितलं.

नवीन प्रूफ दोन दिवसांनी निघालं. गोंदण क्षिप्राने मशीनने नाही, हाताने काढलं, सतरा वेळा. आपली टिक करून तिने कागद संध्यासमोर ठेवला आणि खुर्चीत बसली. संध्या बघत राहिली. कागद उजेडात नेला, लांब धरला, जवळ आणला. एक तास लागला. क्षिप्रा उठली नाही.

मग संध्याने पेन्सिल उचलली, क्षणभर धरली आणि परत ठेवून दिली. पर्समधून पेन काढला. कोपऱ्यात तिने पूर्ण नाव लिहिलं, संध्या दामोदर घरत, आणि खाली तारीख.

"मी कुठं जात नाय," ती म्हणाली. "पण टिक आता परत नाय."

क्षिप्राने मान हलवली. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत. खोडरबर घेऊन स्वतःची टिक खोडली आणि संध्याच्या नावाशेजारी, त्याच पेनाने, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

'दोघी'मध्ये आता पेन्सिलीने टिक होत नाही. प्रत्येक प्रूफवर दोन सह्या असतात, तारखेसकट. गिऱ्हाइकांना वाटतं, दुकान मोठं झालं.